काचेवरची फूलण

कार्तिकी पौर्णिमा झाली, चौमासा उठला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कंचनबाईंचा नेम सुटला. पेटी न उघडण्याचा नेम.

त्यांनी सामायिक, म्हणजे दोन घटकांची ध्यानबैठक, पाळली, तोंडावरच्या मुहपत्तीची घडी घातली, आसनाखालची जमीन पुंजणीने हलकेच झाडली आणि पुंजणी खुंटीला अडकवली. पांढऱ्या लोकरीची ती पुंजणी लग्नानंतरच्या पहिल्या चौमाशात सासूबाईंनी हातात दिली होती. मुंगी असो, नाहीतर डोळ्याला न दिसणारा जीव असो, त्याला न दुखवता बाजूला सारायचं, एवढंच तिचं काम. रोज ती खुंटीला लागली की कंचनबाईंना हलकं वाटे. आज वाटलं नाही.

खाली माजघरात सगळे त्यांचीच वाट पाहत होते. त्या घरात असं सहसा होत नसे. विधवा धाकट्या सुनेसाठी कोणी थांबत नाही, तीच सगळ्यांसाठी थांबते. पण आज थोरले दीर कस्तुरचंदसुद्धा शेलूबाजारच्या चौकातल्या कापडदुकानाची किल्ली मुनीमजींकडे देऊन घरीच बसले होते. त्यांचा मुलगा गोपीचंद काल सर्व्हिस मोटारीने अमरावतीहून आला होता. कॉलेज सांभाळून तो तिथल्या एका फोटोवाल्याकडे काम शिकला होता. येताना त्याने लाल काचेचा कंदील, चिनीमातीची तबकं आणि छापायचा कागद आणला होता.

"आल्या का त्या?" कस्तुरचंदांनी बायकोला विचारलं.

कंचनबाई समोरच्याच दारात उभ्या होत्या, पदर हनुवटीपर्यंत ओढून. पण जेठ आणि धाकटी भावजय एकमेकांशी बोलत नसत. जे काय असेल ते प्रेमाबाईंच्या तोंडून. कंचनबाईंचे यजमान पूनमचंद तापाने गेले त्या दिवशीही कस्तुरचंदांनी बायकोलाच म्हटलं होतं, त्यांले सांग, मी आहे म्हणा. आणि कंचनबाईंनी ते हातभर अंतरावरून ऐकलं होतं.

"आली. दिसून नाई राह्यली का?" प्रेमाबाई म्हणाल्या. "ये कंचन. बस इथं. गोप्या कवाचा घाई करून राह्यला."

"घाई नाई, माय. ऊन हाय तवर पाह्यलं पायजे."

कंचनबाईंची लेक गुलाब जिन्याच्या पायरीवर बसली होती. आईकडे तिने पाहिलं नाही. मार्गशीर्षात तिचं लग्न होतं, रिसोडच्या घरी. बोलणी झाली त्या दिवशी तिने एकच गोष्ट मागितली होती, तीही काकांकडे: मंडपात जायच्या आधी मी बापूजींच्या पाया पडीन. बाप गेला तेव्हा ती मांडीवर होती. तिच्यासाठी बापूजी म्हणजे माजघरातल्या भिंतीवरची तसबीर. आणि तसबिरीत आता कोणी उरलं नव्हतं.

पूनमचंदांनी सगळ्या गावाचे फोटो काढले होते. पोहरादेवीच्या जत्रेत तिपाई लावून ते काळ्या कापडात डोकं घालत, तेव्हा तांड्यावरच्या बाया हसून लोटपोट होत. स्वतः मात्र ते एकदाच बसले. फोटो आधी काचेवर उलटा उमटे; त्या एका काचेवरून कागदावर एकच छाप काढला आणि तो चौकटीत घालून भिंतीला लावला. ते गेल्यावर दर वर्षी तिथीला प्रेमाबाई तसबिरीच्या काचेवर, कपाळाच्या जागी, चंदनाचं गंध लावत. मोठ्या मनाच्या बाई, गंधही मोठ्या हाताने. ते ओघळून चौकटीच्या आत उतरलं आणि कागद काचेला धरून बसला. परवाच्या उन्हाळ्यात गोपीचंदने तो सोडवायला घेतला, तेव्हा चेहरा काचेवर राहिला आणि कागदावर पिवळा डाग.

"कायजी नको करू," तेव्हा तो गुलाबला म्हणाला होता. "मूळ काच काकीपाशी आहे न. ती आहे तवर काका आहेत. पायजे तेवढे छाप काढू."

आणि काच होतीच. पूनमचंदांनी पत्र्याच्या पेटीत लाकडी खाचा करून घेतल्या होत्या. प्रत्येक काच कागदात गुंडाळून त्या खाचेत उभी. दुखणं वाढलं तेव्हा त्यांनी कंचनबाईंना जवळ बसवून सांगितलं होतं, पाठ करून घ्यावं तसं. आडवी ठेवू नको, एकमेकीच्या भारानं फुटतात. माडीवर ठेवजो, कोरड्यात. पावसाळ्याआधी चुनकळीची पुरचुंडी बदलजो, म्हणजे ओल ती पिते. अन् कधी पांढरं दिसलं, तं त्याच दिवशी कोरड्या मऊ फडक्यानं पुसजो. पाणी नको लावू, थर सुटते.

कंचनबाईंनी ते व्रतासारखं पाळलं. पोथ्यांच्या कपाटात, पोथ्यांच्याच शेजारी, त्यांनी पेटी ठेवली. दर जेठ महिन्यात ताजी चुनकळी आणली, फडक्यात बांधली. मंदिरात जाताना आणि पेटी उघडताना त्या पाय सारखेच धूत.

यंदा माडीच्या छपरावरची कवेलू फेरायला काढली होती. पेटी खाली आली. शिरपूरला साध्वीजी आल्या होत्या म्हणून कंचनबाई प्रवचनाला गेल्या, राहिल्या, आणि परतल्या तेव्हा पाऊस लागून गेला होता. चुनकळी राहिली. आषाढात एका दुपारी गुलाबने पेटी उघडली आणि हाक मारली, माय, पाह्य इकडे. बापूजींच्या काचेच्या कोपऱ्यावर पांढरी लव आली होती. बोटाच्या पेराएवढी.

"फूलण," कंचनबाई म्हणाल्या होत्या.

गुलाबच्या हातात फडकं होतं. तिने ते उचललंही होतं. कंचनबाईंनी तिचा हात धरला. बुरशी म्हणजे जीव. एका टिपक्यात अनंत. चौमाशात फूलण पुसत नाहीत, उन्हात टाकत नाहीत. लोणच्यावर आली, पापडावर आली, तर तो जिन्नस सावलीत, कोणाचा पाय पडणार नाही अशा जागी ठेवून देतात आणि त्या जिवांचं आयुष्य आपोआप सरू देतात. घरात हेच चालत आलं होतं. त्यांनी पेटी पांढऱ्या फडक्यात बांधली आणि जिन्याखाली, पाण्याच्या हंड्यांमागे, गार अंधारात ठेवली. पौर्णिमेपर्यंत उघडणार नाही असा नेम घेतला. पूनमचंदांचं सांगणं त्यांना आठवलं नव्हतं असं नाही. आठवलं होतं. पण त्या दिवशी त्यांना वाटलं, तेही आता जिथे असतील तिथे हेच म्हणतील.

आता गोपीचंदने फडक्याची गाठ सोडली.

झाकण निघालं तसा ओल्या भिंतीचा वास माजघरात पसरला. प्रेमाबाईंनी नाकाला पदर लावला. गोपीचंदने पहिली काच कडेने धरून दाराच्या उजेडात नेली.

"ही तांड्यावरच्या दौलतसिंगची माय. नानीबाई."

"म्हातारी गेली न गेल्या साली," प्रेमाबाई म्हणाल्या. "दौलतसिंग बाजाराच्या दिवशी दरवेळी विचारते, मायचा फोटू निंघते का म्हणून."

"निंघन. कडेनं लागलं आहे थोडं." त्याने दुसरी काढली. "ही आजी. हिलेही लागलं." तिसरी, चौथी. मग त्याने एक काच काढली आणि ती उजेडात तशीच धरून राहिला.

"बापूजी?" गुलाब उठली.

उलट्या काचेत माणसाचं तोंड काळं दिसतं आणि केस पांढरे. हे कंचनबाईंना ठाऊक होतं. त्या काळ्याची वाट पाहत होत्या. पण कोपऱ्यातून निघालेल्या पांढऱ्या मुळ्या खांद्यावरून चढून वर पसरल्या होत्या, आणि जिथे तोंड असायचं तिथला थर खाऊन टाकला होता. नितळ काच उरली होती. तिच्यातून आरपार अंगण दिसत होतं आणि दोरीवर वाळत घातलेलं कस्तुरचंदांचं धोतर.

गुलाब काचेजवळ गेली, वाकली, आणि तिने पलीकडून पाहिलं, जणू त्या बाजूने काही सापडेल.

"मी पुसत होती," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "आषाढात. फडकं होतं माह्या हातात. तू हात धरला."



"असं बोलू नाई मायले," कस्तुरचंद म्हणाले. "चौमाशात फूलण पुसत नाईत. धरमाचं तेच केलं त्यांनी. फोटूसाठी जीव मारावे का?"

"तुमचं काय जाते बोलाले," प्रेमाबाई नवऱ्यावर उलटल्या. "पोरीनं एक गोष्ट मांगतली जन्मात. लुगडं नाई, दागिना नाई. अन् कंचन, तुले पुसाचं नोतं तं मले सांगाचं होतं. मी पुसलं असतं. माह्या नावावर अशीही काय कमी पापं आहेत?"

"जिजी, मले वाटलं..."

"वाटलं, वाटलं. जिन्याखाली ठेवली. हंड्यापाशी. अवो, तिथं तं मिरच्याही सडतात."

आता गोपीचंद बोलला, आणि बोलायला नको होतं ते बोलला. "काकी, फूलण काचेवर काहून येते ठाऊक आहे का तुले? काच नाई खात ती. थर खाते. तो थर सरसाचा असते. सरस कायचा? जनावराच्या हाडाचा. कातड्याचा. तू ज्या जिवांवर दया केली न, ते आपले हाडं खाऊन राह्यले होते आरामात."



"हाडं?" कस्तुरचंदांनी विचारलं.

"व्हय बापूजी. जगात सगळ्याच काचांवर तोच असते."

"घरात? पोथ्यांच्या कपाटात?"

"इतके वर्षं," प्रेमाबाई पुटपुटल्या आणि पेटीपासून एक पाऊल मागे झाल्या. आत्तापर्यंत त्या ज्या बाजूला होत्या ती बाजू त्यांच्या पायाखालून निघून गेली. "बाई बाई. अन् मी तिथंच दिवा लावत होती."

"ही पेटी आजच नदीत गेली पायजे," कस्तुरचंद उठले. "गोप्या, बांध. घर धुवून काढा. त्यांले सांग, कपाटही रिकामं करा म्हणा."

"काकाजी, बापूजींचे फोटू आहेत त्यात," गुलाब म्हणाली. "त्यांच्या हातचे."

"त्याले ठाऊक नोतं पोरी. ठाऊक असतं तं त्यानं हात लावला नसता."

कंचनबाई जमिनीकडे पाहत होत्या. पूनमचंदांना ठाऊक होतं की नाही, याचा त्या विचार करत होत्या. त्यांना आठवलं, थर ओला असला की ते स्वयंपाकघरात येत नसत. हात धुऊन, आंघोळ करून मग पानावर बसत. कंचनबाई हसत, हे कसलं सोवळं. ते म्हणत, असू दे. एवढंच. म्हणजे ठाऊक होतं. एकट्याने वाहिलं, तिच्यापर्यंत येऊ दिलं नाही, कारण ती पेटी पोथ्यांशेजारी ठेवते हे ते पाहत होते आणि त्यांना ते आवडत होतं.

गोपीचंदने झाकणाला हात घातला.

"पेटी जाणार नाई."

आवाज इतका हळू होता की तो कोणाचा हे कळायला क्षण गेला. मग कळलं, आणि त्याहून उशिरा कळलं की तो कोणाला उद्देशून होता. प्रेमाबाईंचं तोंड उघडं राहिलं.

"जेठजी," कंचनबाई पदराआडून म्हणाल्या. "तुमच्या भावानं ही माह्या हाती देली होती. मी राखली नाई. एक काच मी खाऊ देली. बाकीच्या नाई देणार. त्यात सासूबाई आहेत, नानीबाई आहे. लोकायची माणसं आहेत. हाडाचा दोष असन तं तो मले लागू द्या. पेटी मी माह्या खोलीत ठेवीन, पोथ्यांपासून दूर."

कस्तुरचंद भिंतीकडे पाहत राहिले. जिथे तसबीर होती तिथे भिंतीवर चौकोन उरला होता, बाकी भिंतीपेक्षा उजळ. त्यांनी टोपी घातली, काठी घेतली, आणि दाराशी जाऊन बायकोला म्हणाले, "त्यांले सांग, मी काही आयकलं नाई म्हणा."

मग ते दुकानाला गेले. अंगणातून जाताना त्यांनी दोरीवरचं धोतर सारखं केलं. ते वाळलं होतं, काढायचं सुचलं नाही.

"आता?" गोपीचंदचा राग उतरला होता, तो ओशाळला होता. "काकी, मी तसं बोलाले नोतं पायजे."

"खरं तेच बोलला तू. आता काय कराचं ते सांग."

"पुसावं लागन. आज. नाईतं बाकीच्याही जातीन. पण फडक्यानं ओरखडे येतात, थर नरम झाला आहे. मऊ कुंचला पायजे. माहा तिकडेच राह्यला."

गुलाब पुढे आली, हात पसरून. कंचनबाईंनी मान हलवली.

"तू नाई. तुले उद्या संसार कराचा आहे. हे माह्या हातून होऊ दे."

त्या माडीवर गेल्या. खाली आल्या तेव्हा त्यांच्या हातात पुंजणी होती.



खिडकीच्या उन्हात चादर अंथरून कंचनबाई बसल्या. तोंडाला मुहपत्ती बांधली, जशी सामायिकेला बांधत. डोळे मिटून क्षमा मागितली, कोणाची ते त्यांचं त्यांना ठाऊक. मग नानीबाईची काच कडेने धरली आणि पुंजणी तिच्यावरून फिरवली. लोकर इतकी मऊ की काचेला कळलंही नाही. पांढरी लव उडाली, उन्हाच्या पट्ट्यात तरंगली, खाली बसली. म्हातारीच्या नाकातला भुरिया, ती तांड्यावरची नथ, वर आला, मग तिची हसरी हनुवटी. दुसरी काच. तिसरी. ज्या हाताने कधी जाणूनबुजून मुंगी मारली नव्हती तो हात एकसारखा चालत होता, न थरथरता. आणि त्याचंच त्यांना नवल वाटत होतं.

प्रेमाबाई शेजारी येऊन बसल्या. आता पेटीपासून दूर नाही.

"कंचन, गंध मी लावत होती. उन्हाळ्यात कागद काढला तवाच मले समजलं होतं. मी बोलली नाई. तुले वाटलं असन, कागद जुना होऊन गेला."

"मले ठाऊक होतं, जिजी."

"अन् बोलली नाई?"

"काय बोलू? तुमी त्यांच्यासाठीच लावत होत्या."

प्रेमाबाईंनी डोळे पुसले आणि मग, राहवलं नाही म्हणून, म्हणाल्या, "भाऊजी असते तं म्हणाले असते, ह्या दोघी बायांच्या भक्तीनं मेलो मी."

कंचनबाई मुहपत्तीच्या आत हसल्या. त्या दिवसातलं ते पहिलं आणि शेवटचं.

मग शेवटची काच आली. कंचनबाईंना तो दिवस आठवला. मागच्या अंगणात खुर्ची मांडली होती. ते बसले, गुलाबला मांडीवर घेतलं, आणि कॅमेऱ्याची झडप उघडणारा रबराचा फुगा कंचनबाईंच्या हातात दिला: दाब म्हटलं की दाबजो. त्याआधी, बरोबर दिसतं का पाहा, म्हणून त्यांनी कंचनला काळ्या कापडात पाठवलं होतं. आत धुरकट काचेवर सगळं उलटं होतं. खुर्ची वर, आभाळ खाली, आणि पूनमचंद डोकं खाली करून तिच्याकडे हसत होते. ती घाबरून बाहेर आली. ते खूप हसले. दाब म्हणायचं विसरले, आणि तिने दाबलं.

म्हणजे तोंड भरून हसत होते ते. आता ते हसू फक्त तिच्यापाशी होतं, आणि तेही उलटं.

त्यांनी पुंजणी फिरवली. मुळ्या सुटल्या. खांदे नाहीत, गळा नाही. पण खालचा भाग वाचला होता.

कोळशाच्या कोठीत अंधार करून, लाल कंदील लावून, गोपीचंदने छाप काढला. दुपारी तो ओला कागद तबकात घेऊन बाहेर आला. सदऱ्याच्या बटणांपासून खाली दिसत होतं. मांडी, मांडीवर टोपडं घातलेलं बाळ, रागावून कॅमेऱ्याकडे पाहणारं. आणि बाळाला दोन्ही बाजूंनी धरणारे हात; बोटं लांब, एका बोटाचं नख औषधाने काळं पडलेलं. त्यावर सगळा काळा अंधार, जिथे काच नितळ होती तिथे.

गुलाब तबकावर वाकली. "नख," ती म्हणाली. तसबिरीत ते कधी दिसलं नव्हतं. चौकट तिथपर्यंत येत नव्हती. मग ती कागद घेऊन माडीवर गेली आणि खाली आली नाही.

कंचनबाईंनी काचांना नवे कागद घातले. गड्याकरवी चुनकळी आणवली, पुरचुंडी बांधली. पुंजणी धुतली नाही. ती त्यांनी पेटीतच ठेवली, कडेला. उद्याच्या सामायिकेला दुसरी लागणार होती. हिच्याने आता कोणाचा जीव वाचवता येणार नव्हता.

मग त्या मागच्या ओट्यावर येऊन बसल्या. दिवस बुडायच्या आधी त्या रोज उकळून ठेवलेलं पाणी पीत. त्यानंतर सकाळपर्यंत पाण्याचा थेंब नाही. तो लोटा गुलाब आणून देई. लहानपणापासून हे तिचंच काम होतं. कोणाला सांगावं लागत नसे. आज दिवसभर त्यांच्या तोंडात काही गेलं नव्हतं आणि घसा फुलणीच्या धुळीने कोरडा झाला होता. उठून स्वतः घेता आलं असतं. त्या उठल्या नाहीत. ऊन कवेलूंवरून गेलं, मग बाभळींवरून गेलं. शेताकडून बैलगाड्या परतू लागल्या.

गुलाब आली तेव्हा पलीकडचा लालसर पट्टाही विझला होता. तिच्या हातात लोटा होता. ती पश्चिमेकडे पाहून जिथल्या तिथे थांबली.

"दिवस बुडाला," ती म्हणाली.

"व्हय."

"मी वरतून पाहून राह्यली होती. तू बसली होती. मले आधी येता आलं असतं."

"मलेही, बाई."

गुलाब खाली बसली. लोटा तिने दोघींच्या मध्ये ठेवला. कंचनबाईंनी त्याच्याभोवती हात धरले. पितळ अजून कोमट होतं.